टिंबं गेली, टिंबं आली

चार वह्या, दोनशे बारा फोटो, सहा कॅसेटी आणि सुट्या कागदांनी भरलेला एक बुटाचा खोका. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एवढं सामान आम्ही फेब्रुवारीत त्या लोकांच्या स्वाधीन केलं. मे संपता संपता १४४ पानांचं पुस्तक आलं, सोबत एक पेन ड्राइव्ह, आणि सगळं मूळ सामान मोजून परत. गेलेल्या माणसाचे कागद, फोटो, आवाज घेऊन त्याचं पुस्तक करून देणारी ही सेवा. नाव लिहीत नाही. ज्या चुका झाल्या त्या या धंद्यात कुणाकडेही होतील अशाच आहेत, आणि मला सांगायचंय ते त्या चुकांबद्दलच जास्त. गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. पहिली मुद्रितं हातात आली त्या दिवशी विचारलं असतं तर दीडसुद्धा जड गेला असता.

मी मुद्रितशोधक. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर पोट भरतेय. त्यामुळे पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःहून घातलेलं वाक्य वाचलं आणि पेन आपोआप उघडलं गेलं. ‘कुटुंबवत्सल, मनमिळाऊ आणि समाजसेवेचा वसा आयुष्यभर जपणारे व्यक्तिमत्त्व.’ हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. स्मरणिकांमधून ते माझ्या हाताखालून इतक्यांदा गेलंय की ‘व्यक्तिमत्त्व’च्या शेवटचे दोन त मी झोपेतही मोजेन. यात खोटं काही नाही. अण्णा घरावर जीव टाकणारे होते आणि त्यांनी सेहेचाळीस वर्षं लोकांसाठी रक्तदाते गोळा केले. पण हे वाक्य शेजारच्या घरी नेऊन चिकटवलं तरी चिकटेल, तिथेच माझा आक्षेप. सगळं काढायला लावलं. त्याखालचं ‘शतकवीर रक्तदाते’ हेही काढायला लावलं. अण्णांनी सत्त्याण्णव वेळा रक्त दिलं. त्यानंतर पासष्टी आली आणि वयाची अट आडवी आली. तीन कमी पडले म्हणून ते हळहळल्याचं मला आठवत नाही, पण कुणी ‘शंभर’ म्हटलं की लगेच दुरुस्त करायचे. जन्मभर स्टोअरकीपर होते. शिलकेत नाही तो माल ते कागदावर दाखवणार नाहीत.

वह्यांचं सांगते, कारण खरं पुस्तक तेच.

त्या स्टोअरच्या स्टॉक रजिस्टरसारख्याच आखलेल्या होत्या. डावीकडे नंबर, मग नाव, रक्तगट, फोन, शेवटी शेरा. रक्तगट ते आपल्या पद्धतीनं लिहायचे: ‘बी अधिक’, ‘ओ वजा’. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह त्यांच्या तोंडात कधी बसलंच नाही. नावापुढे खुणा. लाल पेन्सिलीचं टिंब म्हणजे एकदा रक्त दिलं. फुली म्हणजे फोन बंद. अर्धवर्तुळ म्हणजे हिमोग्लोबिन कमी भरलं, पुन्हा विचारणे. आणि छोटा त्रिकोण म्हणजे ‘रात्री फोन नको, घरचे रागावतात’. पहिल्या वहीत १ नंबरला अण्णांचं स्वतःचंच नाव आहे. त्यापुढेही त्रिकोण आहे. तो आईनं काढलाय.

शेऱ्यांचा रकाना वाचत बसावा असा. ‘मुलीची परीक्षा. मार्चनंतर.’ ‘सुईला घाबरतो, गप्पा मारत राहणे.’ ‘स्वतः विचारत येतो. मदतीस अतिशय तप्तर.’ तत्पर म्हणायचं होतं. चारही वह्यांमध्ये ‘तप्तर’च आहे, एकदाही चुकून बरोबर लिहिलेलं नाही. आता तप्त म्हणजे तापलेला, तेव्हा ‘तप्तर’ म्हणजे अजून थोडा तापलेला, असं मी लहानपणी त्यांना चिडवायचे. सेवेच्या टंकलेखकानं हे सगळे शब्द इमानेइतबारे दुरुस्त केले होते. ‘ओ वजा’चं ‘ओ निगेटिव्ह’ झालं होतं. मी मुद्रितांवर प्रत्येक ठिकाणी समासात ‘मुळाबरहुकूम ठेवा’ लिहिलं. सत्तावीस वर्षांत चूक परत घालायला सांगण्याची ही माझी पहिलीच वेळ. सेवेतल्या एका मुलीचा फोन आला, ‘मॅडम, तप्तर नक्की?’ म्हटलं, नक्की.

टिंबांचा गोंधळ मात्र हसण्यासारखा नव्हता. दुसऱ्या आणि तिसऱ्या वहीची मुद्रितं आली तर पानं स्वच्छ. इतकी स्वच्छ की मी आधी खूश झाले. डाग नाहीत, कागदाचा पिवळेपणा नाही, शाई गडद. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं तेव्हा कळलं की एकही टिंब नाही. शेकडो माणसं, नाव आहे, गट आहे, शेरा आहे, आणि दिलेलं रक्त तेवढं गायब.

कारण समजलं ते सांगून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. कार्यालयीन कागदांसाठीच्या स्कॅनरमध्ये एक रंग वगळायची सोय असते. छापील फॉर्मच्या लाल रेघा आणि चौकोन नको असतात, फक्त भरलेला मजकूर हवा असतो, त्यासाठी ती केलेली. आमच्या वह्यांना लाल समास होता. तो घालवायला कुणीतरी ती सोय चालू केली आणि समासाबरोबर टिंबंही गेली. यंत्राला समासाचा लाल आणि टिंबाचा लाल वेगळा कसा कळणार? शिवाय पानं नुसत्या काळ्या-पांढऱ्यात घेतली होती, त्यामुळे फिकट शिसपेन्सिलीचे त्रिकोणही अर्धेअधिक पांढऱ्यात जमा. तुम्ही हाताने लिहिलेलं काही देणार असाल तर देतानाच लिहून द्या: पूर्ण रंगात, ६०० डीपीआय, कोणताही रंग वगळायचा नाही, ठिपके साफ करणारा फिल्टर लावायचा नाही. त्यांनी कुरकुर न करता दोन्ही वह्या परत घेतल्या आणि नवव्या दिवशी नव्यानं केलेली पानं पाठवली. वाढीव पैसे मागितले नाहीत. साडेतीनमधला एक गुण या नऊ दिवसांचा.

एवढ्या टिंबांसाठी एवढा जीव का काढला, असं धाकट्या भावानंही विचारलं. कारण अण्णांचं सगळं काम त्या टिंबांच्या अंतरात आहे. रक्त हा साठवून ठेवायचा माल नाही, हे ते स्टोअरच्या भाषेत सांगायचे. तांबड्या पेशी थंडाव्यात फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट साधारण पाच दिवस, त्याही सतत हलवत ठेवाव्या लागतात. म्हणून मोठा अपघात झाला, लोकांची रीघ लागली, की अण्णा अर्ध्या लोकांना परत पाठवायचे. ‘आज नको. तीन आठवड्यांनी या, तेव्हा कुणी येत नाही.’ लोक नाराज व्हायचे. उत्साहानं आलेल्या माणसाला घरी पाठवणारा हा कसला कार्यकर्ता, असं म्हणायचे. पण वही उघडा, दर पानावर टिंबं पायरीपायरीनं पसरलेली दिसतात. कुणाला कधी बोलवायचं, मागच्या वेळेपासून तीन महिने झाले का, याचा हिशेब तारखांनी केलेला. जुना माल आधी, नवा मागाहून. टिंबं नसतील तर उरते ती नुसती नावांची यादी.

चौथ्या वहीचं शेवटचं पान वेगळं आहे. तिथे फक्त दोन नोंदी. दोघांचा गट ‘बॉम्बे’. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलेला हा गट. साध्या तपासणीत तो ‘ओ’ भासतो, पण या माणसांना ‘ओ’चंही रक्त चालत नाही, आपल्याच गटाचं लागतं. या दोघांना अण्णा दर सहा महिन्यांनी फोन करायचे, काम नसताना. ‘नंबर तोच आहे ना? तब्येत?’ एवढंच. शेऱ्यात ओळीनं तारखा आहेत, पुढे बरोबरच्या खुणा.

या पानावरून एक गोष्ट सुचली जी सेवेनं आपणहून विचारायला हवी होती आणि विचारली नाही. वह्यांत शेकडो लोकांची नावं, फोन आणि प्रकृतीची माहिती आहे. ती आमच्या मालकीची नाही. माझ्या सांगण्यावरून छापील पुस्तकात नाव आणि फोनचे रकाने झाकले, नंबर, गट, खुणा आणि शेरे तेवढे ठेवले, आणि काम झाल्यावर त्यांच्याकडच्या प्रती पुसल्याचं लेखी घेतलं. त्यांनी ते मुकाट्यानं दिलं. पण मी मागितलं म्हणून दिलं. अर्धा गुण कापला तो इथे.

आता कॅसेटी.

सहापैकी एकीच्या आतला फेल्टचा तुकडा गळून पडला होता. फीत हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो तो. नसला की आवाज घशात बसल्यासारखा येतो. त्यांनी फीत काढून नव्या खोक्यात बसवली आणि प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन वेगळा जुळवला, कारण आमच्या जुन्या रेकॉर्डरचा कोन तिरका असणार हे त्यांनी ऐकूनच ओळखलं. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालते. एवढ्या हळू चालणाऱ्या फितीवर कोन थोडा जरी हलला तरी स, श, च सगळे मातकट होतात. हे काम करणारा माणूस कसबी आहे. त्याला पाचपैकी पाच.

पण मग त्यानं आवाज ‘स्वच्छ’ही केला.

एका कॅसेटवर अण्णांच्या अक्षरात लिहिलंय, ‘मुलं, पाढे’. मी बारा वर्षांची, धाकटा नऊचा. अण्णा रेकॉर्डर लावून आमचे पाढे घेतायत. धाकटा एकोणतीसचा म्हणतोय. रडत रडत सत्तेपर्यंत पोचलाय. स्वच्छ केलेल्या फाइलमध्ये तो म्हणतो, ‘एकोणतीस सत्ते एकशे त्र्याण्णव’, मग बराच वेळ काही नाही, मग अण्णांचा आवाज, ‘दोनशे तीन’, पुन्हा काही नाही. ऐकून वाटलं, अण्णा किती कोरडे होते. माझ्या आठवणीतले अण्णा असे नव्हते. मी कच्ची फाइल मागितली. ती त्यांच्याकडे होती, फक्त दिली नव्हती, ‘क्लायंटला खरखर आवडत नाही’ म्हणून.

कच्च्या फाइलमध्ये खरखर आहेच. आणि त्या खरखरीत त्र्याण्णवच्या आधीच फोन वाजतो. अण्णा म्हणतात, ‘पाढा चालू ठेवा.’ हे वाक्य स्वच्छ प्रतीत घंटीच्या आवाजाखाली दबून तिच्याबरोबरच गेलं होतं. मागून, स्वयंपाकघराच्या बाजूनं, आईचा आवाज येतो, दोनच शब्द: ‘आता कोण?’ अण्णा फोनवर विचारतात, ‘कुठला गट? किती बाटल्या?’ पिशव्या येऊन वर्षं झाली होती, पण आमच्याकडे बाटल्याच म्हणायचे. मग डायल फिरल्याचा आवाज, सहा वेळा, तबकडी प्रत्येक आकड्यानंतर सावकाश परत येते तो. पलीकडे कुणी उचलत नाही. पुन्हा डायल. या सगळ्यात धाकट्याचं रडकं ‘एकोणतीस सत्ते एकशे त्र्याण्णव’, आणि अण्णा रिसीव्हर कानाला तसाच ठेवून, पलीकडच्याला ‘एक मिनिट हं’ म्हणून, इकडे ‘दोनशे तीन’ म्हणतात. लगेच तिकडे ‘हां बोला, निघताय का?’

यंत्रानं घंटी काढली, तबकडी काढली, आईला काढलं, आणि फोनवरचं हळू आवाजातलं बोलणंही गोंगाट समजून काढलं. उरला तो पाढे घेणारा एक कडक मास्तर.

पुस्तकात या प्रसंगाचं शब्दशः लेखन आहे, दोन पानं, आणि कोपऱ्यात छापलेल्या चौकोनी कोडवरून मोबाइलवर कच्ची फाइल ऐकता येते. ही कल्पना त्यांची, आणि फार चांगली आहे. पण कोड इंटरनेटवरच्या साठ्याला जोडलेला असतो. तो साठा किती वर्षं राहील हे त्यांच्या धंद्यावर अवलंबून. म्हणून फाइल आपल्याकडे हवीच, तीही दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर. आमची एक प्रत धाकट्याकडे आहे.

फोटोंबद्दल थोडक्यात. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो पानाला घट्ट बसले होते. ते त्यांनी दात साफ करायचा बारीक दोरा मागून सरकवत सोडवले, एकही फाटला नाही. जुने रंगीत फोटो तांबूस झाले होते. अशा फोटोंतला निळसर रंग अंधारात ठेवूनही आधी उडतो आणि सगळं लालसर दिसायला लागतं. ते त्यांनी इतकं संयमानं दुरुस्त केलं की एका फोटोत आम्हाला जे कधी दिसलंच नव्हतं ते दिसलं. शिबिरातलं टेबल, काचेचा ग्लास, आणि ग्लासात निळं पाणी. मोरचुदाचं द्रावण. त्यात बोटातल्या रक्ताचा थेंब टाकायचा. झटकन बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं, साडेबाराच्या वर, तरंगला तर आज रक्त घ्यायचं नाही. फोटोत अण्णा कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. वाकून थेंबाकडे बघतायत, आणि शेजारी उभा असलेला पोरगा अण्णांकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर निकालाची वाट. इतकी वर्षं तो ग्लास आम्हाला चहाचा वाटत होता.

याच फोटोत अण्णांचा चेहरा धूसर होता म्हणून त्यांनी तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कुठल्याशा सोयीनं ‘स्पष्ट’ करून पाठवला. स्पष्ट झाला, पण अण्णांचा राहिला नाही. दात सरळ झाले होते. अण्णांचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, हसताना ओठ त्यावर अडकायचा. यंत्राला जे दिसत नाही ते ते आपल्या मनानं भरतं, आणि मनानं भरताना सगळ्यांना सारखेच दात देतं. धूसरच छापा म्हटलं.

दोनशे बारांपैकी अण्णा फक्त एकतीस फोटोंत आहेत, हे मोजल्यावर कळलं. आमचे फोटो त्यांनी काढलेले, आणि शिबिराचे फोटो काढताना ते खाटेपलीकडे कुणाशी तरी गप्पा मारत उभे. सुईला घाबरणाऱ्यांशी, बहुतेक. त्यातल्या नऊ फोटोंत नुसता हात आलाय, मनगटावर घड्याळ असलेला. ते नऊही आम्ही घेतले.

बांधणी शिलाईची आहे, नऊ फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे), पुस्तक मधे उघडलं तर सपाट राहतं. कागद आम्लविरहित. बांधणीकडचा समास थोडा कमी सोडलाय, त्यामुळे वहीच्या पानांचे नंबर आत जातात. हे मी मुद्रितात धरायला हवं होतं, चूक माझी. सुरुवातीला भरून घेतलेली प्रश्नावली अगदीच टाकाऊ होती. ‘त्यांचा आवडता रंग कोणता?’ आईनं तिथे लिहिलं, ‘माहीत नाही. विचारायला वेळ मिळाला नाही.’

तीन प्रती केल्या. आईची पहिली. तिनं पुस्तक हातात घेतल्यावर आधी फोटो पाहील असं वाटलं होतं, पण ती वह्यांच्या पानांवर गेली. नावं झाकलेली आहेत म्हणून ती थोडी वैतागली, मग शेऱ्यांवरून ओळखायला लागली. ‘हा सुईवाला.’ ‘ही बाई बँकेतली.’ बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं. तिसऱ्या वहीत, ३१४ नंबरवर थांबलं.

‘इथे एक टिंब राहिलंय.’

मला धसका बसला. म्हटलं, पुन्हा गेली की काय. मूळ वही आणली, पान काढलं. तिथेही तीनच टिंबं. आई म्हणाली, ‘चार. चौथ्यांदा रात्री आले होते ते, पावसात. दार मीच उघडलं. हे आधीच निघून गेले होते, मी त्यांना पत्ता लिहून दिला.’

‘मग अण्णांनी मांडलं नसेल.’

‘विसरले असतील. मी सांगायला विसरले असेन.’

तिनं अण्णांच्या खोक्यातली लाल पेन्सिल मागितली. पुस्तक सपाट ठेवलं, चौथं टिंब काढलं, किंचित जाड. आईच्या प्रतीत ३१४ला चार टिंबं आहेत. माझ्या आणि धाकट्याच्या प्रतीत अजून तीनच.